मुक्काम पोस्ट मावळ

पहिला दणकून पाऊस झाला की कॉलेजच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज पडतोच, "लोणावळा?" अठरा जण लगेच थम्ब्स-अप देतात, अकरा जण 'घरी विचारतो' म्हणतात आणि शेवटी सात जण खरंच निघतात. मग दुसरा प्रश्न येतो तो राहायचा. कुणाला स्विमिंग पूलवाला व्हिला हवा असतो, कुणी पवनेच्या काठावरच्या तंबूंचं रील टाकतो, कुणी म्हणतं, "राहायचं कशाला, रात्रीच्या गाडीने परत येऊ." या तीन पर्यायांत एक चौथा पर्याय बहुतेक वेळा कुणी घेतच नाही. कारण त्याचं रील फारसं कुणी बनवत नाही. तो म्हणजे कुणाच्या तरी घरी राहणं.

इथे 'घर' हा शब्द शब्दशः घ्यायचा. पुढच्या खोलीत आपण, मागच्या खोलीत ते. ओसरीवर आपले ओले बूट, शेजारी त्यांच्या गमबुटांची रांग. जेवायला काय आहे, तर जे त्यांच्याकडे शिजलंय ते. कागदोपत्री याला होमस्टे म्हणतात, सरकारी भाषेत 'न्याहारी व निवास', आणि गावातल्या पाटीवर सरळ लिहिलेलं असतं, 'जेवणाची व राहण्याची घरगुती सोय'.

पाट्या कुठे कुठे?

मावळ म्हणजे लोणावळा नव्हे, हे आधी लक्षात घ्या. लोणावळा-खंडाळा हे या तालुक्याचं एक टोक. बाकी मावळ पसरलाय आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशा तीन खोऱ्यांत. पुण्याहून लोणावळा लोकल पकडली तर तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली करत ती साधारण सव्वा ते दीड तासात लोणावळ्याला पोचते. आपल्यापैकी बरेच जण शेवटच्या स्टेशनपर्यंत झोपून जातात. खरी गंमत त्याच्या एक स्टेशन आधी, मळवलीला उतरण्यात आहे.

मळवलीहून एक्स्प्रेस-वेवरचा पूल ओलांडून भाजे गाव पायी गाठता येतं. गावात शिरताच घराघरावर पाट्या दिसायला लागतात. तिथून वर चढत गेलं की गायमुख खिंडीशी लोहगडवाडी. लोहगडाच्या पायथ्याच्या या वाडीत ट्रेकर्सना जेवू घालणारी घरं वर्षानुवर्षं आहेत. तिकोन्याच्या पायथ्याशी तिकोना पेठ, तुंगच्या पायथ्याशी तुंगवाडी. आणि लोणावळ्याहून सुमारे १५ किलोमीटर चालायची तयारी असेल तर राजमाचीचं उधेवाडी. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या खाली वसलेल्या या छोट्याशा गावात राहण्याचा अर्थच मुळी कुणाच्या तरी घरी राहणं असा होतो.

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातला लोहगड एक. साहजिकच त्याच्या पायथ्याशी गर्दी वाढणार. ही गर्दी मुक्काम कुठे करते, यावर त्या वाडीचं पुढचं बरंच काही ठरणार आहे.

पावसाळी मुक्काम : दोन हजार वर्षं जुना

मावळात पावसाळ्यात येऊन राहायची आयडिया आपली नाही, इन्स्टाग्रामचीही नाही. कार्ल्याच्या लेण्यांत भिंतीवर ती ब्राह्मी लिपीत कोरून ठेवलीय.

बौद्ध भिक्षू वर्षभर फिरत असत, पण पावसाचे महिने एका जागी राहायचे. याला वर्षावास म्हणतात. वाटा चिखलाने बंद, नद्या फुगलेल्या. त्यामुळे डोंगरातल्या लेण्यांत मुक्काम. कार्ल्याच्या लेखांमध्ये या ठिकाणाचं नाव 'वलुरक' असं येतं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या लेण्यांत राहणाऱ्या आणि वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दिल्याचा लेख तिथे आहे. भिक्षू कुठल्या पंथाचा, कुठून आलेला, असा भेद न करता सगळ्यांसाठी, असंही त्यात म्हटलंय. म्हणजे पाहुणा लेण्यात, आणि त्याच्या ताटातला भात खालच्या गावातून. मावळातल्या घरगुती मुक्कामाची पहिली लेखी नोंद म्हणायला हरकत नाही.

याच लेण्यातल्या भव्य चैत्यगृहाचे खांब कुणी दिले, तेही त्या त्या खांबावर लिहिलेलं आहे. त्यात धेनुकाकट या गावचे बरेच दाते आहेत, काही चक्क 'यवन', म्हणजे परदेशी. कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून देशावर जाणारा व्यापारी रस्ता इथून जायचा. थोडक्यात, परक्या माणसाला पावसात आसरा देणं हा इथला जुना धंदा आहे. भाज्याच्या लेण्यांत गेलात तर भिक्षूंच्या खोल्यांमधले दगडी ओटे बघा. ती त्या काळची कॉट!

पुढे रेल्वे आली. १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रूळ पोचले. पण घाट बाकी होता. पुढची पाच वर्षं प्रवासी खंडाळ्याला उतरून पालखीने नाहीतर पायी घाट उतरायचे आणि खाली खोपोलीला दुसरी गाडी पकडायचे. १८६३ मध्ये बोरघाटाची रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्यांना लोणावळ्याची थंड हवा हाताशी आली. बंगले उठले, मग हॉटेलं, मग चिक्कीची दुकानं. २००२ मध्ये एक्स्प्रेस-वे पूर्ण झाल्यावर तर मुंबईहून शनिवारी निघून रविवारी परतणं सोपं झालं. मुक्कामाची जागा हळूहळू घरातून बंगल्यात, आणि बंगल्यातून ज्याला आता 'व्हिला' म्हणतात त्यात सरकली.

पाहुणे आणि लावणी, दोन्ही जुलैत

घरी राहिलात की एक गोष्ट अशी दिसते, जी व्हिलाच्या बाल्कनीतून दिसत नाही. आपला पिकनिकचा सीझन आणि त्यांचा शेतीचा सीझन एकच आहे.

मावळ हा भाताचा मुलूख. इंद्रायणी तांदूळ माहितीय ना? थोडा चिकट, वासाचा, नुसत्या तुपाबरोबर खाल्ला तरी संपणारा. तो वाण १९८७ मध्ये वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून आला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून. या भाताची रोपं जूनमध्ये तयार होतात आणि जुलैत चिखलणी करून लावणी होते. रोपाचं वय पुढे गेलं की फुटवे कमी फुटतात, उत्पन्न घटतं. त्यामुळे लावणीचे दिवस पुढे ढकलता येत नाहीत. आणि नेमका याच जुलैत आपल्या ग्रुपवर 'लोणावळा?' पडलेला असतो.

आता त्या घरातला रविवार डोळ्यांसमोर आणा. पहाटे चूल पेटते. आधी घरच्यांच्या भाकऱ्या, मग शेतावर न्यायचं जेवण, मग आपला चहा. सात वाजता आपल्यापैकी दोघं उठतात आणि बाकी पाच जण 'दहा मिनिटं' म्हणून पुन्हा कूस बदलतात. पोहे तीनदा गरम होतात. आठ वाजता दादा बैल नाहीतर पॉवर टिलर घेऊन खाचरात. शेजारपाजारचे लोक आलेले असतात, कारण लावणी एकट्याच्या हाताने उरकत नाही; आज माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. काकूंचा जीव मात्र दोन ठिकाणी. रोपं रोवायला हात हवेत आणि घरी सात जणांचं पिठलं-भाकरी, ठेचा, कांदाभजी.

घरातला धाकटा आपल्याच वयाचा. तळेगाव नाहीतर लोणावळ्याच्या कॉलेजात एस. वाय. ला. तोच आपल्याला गडाची वाट दाखवतो, तोच मोबाइलवर बुकिंग घेतो, तोच संध्याकाळी गॅस सिलिंडर आणतो. आपल्या सबमिशनची तारीख त्यालाही आहेच. त्याच्याशी अर्धा तास गप्पा मारल्यात तर सगळा हिशोब समजतो: पावसाळ्याचे चार महिने पाहुणे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी, उन्हाळ्यात गडाच्या वाटा ओस, मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला पुन्हा गर्दी. वर्षाची कमाई या दोन-चार महिन्यांत बसवायची.

काजव्यांवरून आठवलं. राजमाचीच्या जंगलात काजव्यांचा लखलखाट पावसाच्या तोंडावर असतो. नर चमकून मादीला खुणावतो. आपण टॉर्च, गाडीचे हेडलाइट आणि फ्लॅश मारले की त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात, गोगलगायींवर जगतात. म्हणजे झाडीत शिरून माती तुडवली की पुढच्या वर्षीचे काजवे गेले. हे सगळं कुठल्याही पाटीपेक्षा चांगलं उधेवाडीतला माणूस सांगतो. कारण काजवे नाही आले तर त्याच्याकडे पाहुणेही नाही येणार.

पैसा जातो कुठे?

एक साधा हिशोब मांडू. समजा आपण आठ जण आहोत आणि माणशी १२०० रुपयांत दोन वेळचं जेवण, न्याहारी, चहा आणि झोपायची जागा ठरली. एकूण ९६०० रुपये. तांदूळ घरचा, अंडी घरची, दूध शेजारच्या गोठ्यातलं, किराणा कामशेतच्या बाजारातला, मळवलीहून आणणारा जीपवाला त्याच गावचा. या पैशातला मोठा भाग पाच-दहा किलोमीटरच्या आतच फिरतो.

आता व्हिला घ्या. मालक मुंबईत किंवा पुण्यात, बुकिंग ॲपवर, ॲपचं कमिशन वेगळं, जेवण बाहेरून मागवलेलं. गावाच्या वाट्याला येतो तो केअरटेकरचा पगार आणि झाडलोट. आणि यातली बोचणारी गोष्ट ही, की अनेकदा तो व्हिला ज्या जमिनीवर उभा असतो, ती जमीन कधीकाळी तिथल्याच एखाद्या शेतकऱ्याची असते. जमिनीचा मालक एका पिढीत तिथला वॉचमन होतो.

मावळच्या जमिनीची गोष्ट तशी जुनीच आहे. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी लोणावळा, वळवण, शिरोता इथे पाणी अडलं आणि १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. पुढे पवना धरण झालं. आज ज्याच्या काठावर आपण तंबू लावतो, ते पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. आणि त्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या पुढच्या पिढीलाही पुनर्वसनासाठी भांडावं लागलं. या मुलखाने शहराला पाणी दिलं, वीज दिली, रस्त्याला जमीन दिली. आता वीकेंड मागितला जातोय. तो देताना त्यांना घर विकावं लागू नये, भाड्याने देता यावं, एवढाच फरक घरगुती मुक्कामाने पडतो. छोटा आहे, पण एका कुटुंबासाठी तो खूप असतो.

यात आणखी एक बारकी गोष्ट बघा. राबतात बहुतेक काकू, आजी आणि घरातल्या सुना. क्यूआर कोड मात्र बऱ्याचदा मुलाच्या नाहीतर दादांच्या खात्याचा. राज्याच्या पर्यटन विभागाने २०२३ मध्ये 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण आणलं. त्यात स्वतःचा पर्यटन व्यवसाय चालवणाऱ्या महिलेला १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. होमस्टे त्यात बसतो. अट अशी, की व्यवसाय तिच्या मालकीचा हवा. घरातल्या धाकट्याशी गप्पा झाल्याच तर हा विषय जरूर काढा. फॉर्म ऑनलाइन भरायला त्याला जमेल, आणि नाव आईचं लागेल.

सरकारी नोंदणीचं म्हणाल तर चौकट साधी आहे. केंद्राच्या 'बेड अँड ब्रेकफास्ट' योजनेत एका घरात १ ते ६ खोल्या आणि जास्तीत जास्त १२ खाटा पाहुण्यांना देता येतात, आणि मालकाने कुटुंबासह तिथेच राहणं बंधनकारक आहे. राज्याची 'न्याहारी व निवास' योजना याच धर्तीची. शेतावर राहायची सोय करणाऱ्यांसाठी २०२० पासून वेगळं कृषी पर्यटन धोरणही आहे. 'मालक तिथेच राहतो' ही अट लक्षात ठेवा. नुसतं 'होमस्टे' असं नाव दिलेल्या पण आत कुणीच न राहणाऱ्या बंगल्यापासून खरं घर ओळखायची तीच खूण.

तिकडे वेल्समध्ये

हा प्रश्न फक्त आपला नाही. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा चिमुकला देश आहे. डोंगर, समुद्र, पाऊस आणि स्वतःची वेगळी भाषा. तिथल्या किनाऱ्यावरच्या गावांत घरमालकीण वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, सकाळी स्वतः न्याहारी वाढते. 'बी अँड बी'ची ती मूळ पद्धत. पण याच गावांत बाहेरच्यांनी सुट्टीपुरती 'दुसरी घरं' घेतली, किमती चढल्या आणि तिथल्या तरुणांना स्वतःच्या गावात घर घेणं अवघड झालं. हिवाळ्यात अर्ध्या गल्ल्या अंधारात. गाव रिकामं झालं की वेल्श बोलणारेही कमी होतात, ही त्यांची खरी भीती.

त्यांनी काय केलं? एप्रिल २०२३ पासून तिथल्या स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरांवर नेहमीच्या घरपट्टीच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावायची मुभा मिळाली. सुट्टीचं घर वर्षात किमान १८२ दिवस खरोखर भाड्याने गेलं, तरच ते व्यवसाय म्हणून मोजलं जातं. आणि २०२५ मध्ये त्यांच्या संसदेने रात्रीच्या मुक्कामावर छोटासा कर लावण्याचा अधिकार परिषदांना देणारा कायदा केला. हे सगळं बरोबरच आहे असं नाही; तिथे यावर भांडणं चालूच आहेत, आणि घर भाड्याने देऊन जगणाऱ्या काही स्थानिकांनाही १८२ दिवसांचा नियम जड जातोय. पण 'रिकामा बंगला' आणि 'भरलेलं घर' यांत फरक करायचा, हे त्यांनी कायद्यात लिहिलं. कार्ल्यापासून पवनानगरपर्यंत सोमवारी सकाळी बंद दिसणारे बंगले मोजत जा, म्हणजे हे इथे का सांगितलं ते कळेल.

"आज नका जाऊ" ऐका

आता सगळ्यात महत्त्वाचं. ३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५, पुन्हा रविवार. कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने भरलेला असताना कोसळला, चौघांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी लोक मजा करायलाच आले होते.

लोणावळ्याच्या आसपास वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. डोंगर कातळाचा, उतार तीव्र. वर पठारावर जोराची सर आली की पाणी मुरत नाही, थेट ओढ्यात येतं. आपण उभे असतो तिथे कदाचित नुसती भुरभुर असते आणि वरून लोंढा निघालेला असतो. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, की त्या क्षणी बाहेर. बॅग राहू दे, चप्पल राहू दे, बाहेर.

हे वाचून कळतं, पण तिथे उभं असताना कळेलच असं नाही. घरी राहिलेल्या माणसाला एक जादा गोष्ट मिळते. सकाळी चहा देताना आजोबा डोंगराकडे बघतात आणि म्हणतात, "आज वरच्या धबधब्याला नका जाऊ." त्यांना ॲप लागत नाही, रात्रभर कौलांवर पाऊस कसा वाजला ते त्यांनी ऐकलेलं असतं. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धोक्याच्या जागांवर बंदीचे आदेश काढतं, ते पाळायचेच. पण आदेश तालुक्याचा असतो, आजोबांचा सल्ला त्या ओढ्याचा असतो. दोन्ही ऐका.

मुलींच्या ग्रुपसाठी तर हा मुद्दा आणखी मोठा. घरून परवानगी मिळत नसेल तर आईचं त्या काकूंशी फोनवर बोलणं करून द्या. दोन आयांचं बोलणं झालं की अर्धं काम होतं. 'रात्री किती वाजता जेवतात, बाथरूम घरात आहे का, रिक्षा कुठपर्यंत येते' हे त्या दोघी पाच मिनिटांत मिटवतात. कुठल्याही ॲपच्या फाइव्ह स्टारपेक्षा घरी याला जास्त वजन असतं.

निघण्याआधी विचारा

* घरचे लोक तिथेच राहतात का? एकूण किती पाहुणे घेता?
* दर माणशी आहे का, त्यात काय काय धरलंय? गरम पाणी, दुसरा चहा, चुलीचं जेवण वेगळं लावता का?
* मुलींसाठी वेगळी खोली आणि आतून लागणारी कडी आहे का? टॉयलेट कुठे?
* नेटवर्क कुणाचं येतं? लाइट गेली तर काय?
* शेवटची जीप किंवा रिक्षा किती वाजता? मळवलीला उतरलो तर घ्यायला कोण येईल?
* लावणी चालू आहे का? असेल तर न्याहारी-जेवणाच्या वेळा काय ठेवू?

हा शेवटचा प्रश्न विचारणारे फार कमी. विचारून बघा, पलीकडचा आवाज बदलतो.

आणि पोचल्यावर

आधार कार्ड सगळ्यांचं घ्या; नोंद ठेवणं हे त्यांचं काम आहे, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. बहुतेक घरांत दारू चालत नाही. 'आम्ही बाहेर बसून पितो' हाही तोडगा नाही, कारण ते बाहेर म्हणजे त्यांचं अंगण आणि गावाची वाट. ब्लूटूथ स्पीकर रात्री बंद. सकाळी लवकर उठणारं घर आहे. जेवढे सांगितले तेवढेच या. सातचे दहा झाले तर आधी फोन करा, कारण भाकरी ऐनवेळी जादा थापता येते पण कोंबडी ऐनवेळी वाढत नाही. बुकिंग केलंय आणि येणार नाही, तर आदल्या दिवशी कळवा. रविवारचं फुकट गेलेलं जेवण त्या घराला परवडत नाही.

लावणीत 'एक्स्पीरियन्स' म्हणून उतरायचं असेल तर विचारून उतरा. रोप किती खोल रोवायचं, ओळीत किती अंतर, हे शिकून घ्या. वाकडीतिकडी लावलेली तुमची ओळ नंतर कुणीतरी पुन्हा लावतं, हे माहीत असू द्या. आणि खाचराच्या बांधावर रील काढताना बांध फोडू नका, त्यातलं पाणी अडवायला माणूस रात्री उठलेला असतो.

परत येताना चिक्की घ्याच, पण त्या घरातून पाच किलो इंद्रायणी पण घ्या. व्यापाऱ्याला देताना त्यांना मिळतो त्यापेक्षा चांगला भाव तुम्ही सहज देऊ शकता आणि तुम्हाला दुकानापेक्षा स्वस्त पडेल. कातकरी-ठाकर बाया रस्त्याकडेला रानभाज्या विकायला बसलेल्या असतात. कुर्डू, टाकळा, भारंगी. एक जुडी घ्या आणि ती कशी करायची ते त्यांनाच विचारून घ्या.

जमलं तर शनिवार-रविवार टाळा. सोमवार ते गुरुवार लोकलही रिकामी असते, गडही आणि घरही. तेव्हा आलेले चार पाहुणे रविवारच्या बारांपेक्षा त्या घराला सोयीचे पडतात. आणि फक्त पावसातच जा असंही कुणी सांगितलेलं नाही. सप्टेंबरच्या शेवटाला डोंगरांवर सोनकी फुलते, ऑक्टोबरमध्ये खाचरं पिवळी पडतात, कापणीनंतर नव्या तांदळाचा वास घरभर असतो. त्या दिवसांत लोणावळ्याला ट्रॅफिक नसतो, धबधबा नसतो, कुणाला घाई नसते. संध्याकाळी जेवणं लवकर उरकतात आणि काकूंना दोन घटका ओसरीवर येऊन बसायला वेळ मिळतो. तेव्हा त्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी हे गाव कसं होतं.